पाच खटक्यांची पेटी

ताश-ओतोक, आत-बाशी
९ नोव्हेंबर २०१६

प्रिय लाडाबाई,

सलाम. तू बरी आहेस ना? थंडी तुमच्याकडेही सुरू झाली असेल. इकडे आम्ही सगळे ठीक. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, यंदा दोनच कमी भरल्या. तांबडी घोडी व्याली, शिंगरू धडधाकट आहे. तुझ्या दादाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, आणि तुझा दादा गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतो. आमची बेगिमाय, जिला तू पाळण्यात सोडून गेलीस, ती बिश्केकला औषधांचं शिकते आणि मला फोनवर जीवनसत्त्वं शिकवते.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. शेजारची टोक्तोबूबू तुमच्या शहरात लोकरी मोजे विकायला येते, तिच्या हाती हे देते आहे. फोन केला असता, पण दादाचा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. ठेव. तुला तो हक्क आहे.

मामंजींचे डोळे गेले. वसंतात त्यांना धूसर दिसायचं, जुलैत कडेकडेचं दिसेनासं झालं, आणि गवत कापून होईपर्यंत सगळंच संपलं. नारीनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे, फार उशीर केलात. आता दिवस की रात्र, एवढंच कळतं त्यांना. खिडकीकडे तोंड करून बसून असतात.

चाबूक विणायचंही त्यांनी सोडलं. बोटांना सगळं येतं गं. आठ पदरी वेणी ते झोपेतही घालतील. पण म्हणतात, "मी न बघितलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात देणार नाही." जेवण चिमणीएवढं. बोलणं तर थांबलंच. ज्यांनी हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं माना वर करायची, ते आता "हं" आणि "नको" एवढ्यावर दिवस काढतात. तुझा दादा बाहेर जाऊन रडतो आणि आत येऊन म्हणतो, वारा फार आहे.

सप्टेंबरात एकदाच बोलले. मी चहाची वाटी त्यांच्या हातात देत होते. म्हणाले, "सूनबाई, त्या मुलीचा आवाज कुठे उरला असेल का गं?"

त्या मुलीचा म्हणजे तुझा. तू गेल्यापासून त्यांनी तुझा विषय काढलेला मी ऐकला नव्हता. चहा माझ्या बोटांवर सांडला. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून मी एकाच गोष्टीच्या मागे लागले आहे. त्यांना ऐकायला काहीतरी द्यायचं. कान शाबूत आहेत तोवर माणूस अर्धा तरी घरात राहील.

पहिल्यांदा बेगिमायने आपला जुना फोन पाठवला. त्यात गाणी, घोड्यांच्या शर्यती, कोमुझवादन, सगळं भरलेलं. मामंजींनी त्यावरून अंगठा फिरवला, पालथा केला, परत फिरवला. म्हणाले, "ही काच आहे. मी आता खिडकीशी बोलू का?" खरंच होतं. बोट लागलं की गाणं पळायचं, नाही लागलं तरी पळायचं.

मग तुझ्या दादाने बाजारातून काड्यापेटीएवढं यंत्र आणलं. त्याला सात बटणं, सातही एकसारखी, तांदळाच्या दाण्याएवढी. मी धारा काढायला गेले होते. परत आले तर यंत्र चिनी भाषेत काहीतरी शिकवत होतं आणि मामंजी हात मांडीवर ठेवून शहाण्या विद्यार्थ्यासारखे बसलेले. "दोन तास झाले," म्हणाले. "हे बंद कसं करायचं ते यानं सांगितलंही असेल, पण अजून मी तेवढा शिकलो नाही." हसले नाहीत. पण कितीतरी दिवसांनी ते एवढं लांब वाक्य बोलले, म्हणून मी ते यंत्र मोडलं नाही.

तिसरं यंत्र बोलणारं. त्यात कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्याला आपण आपल्या आवाजात नाव द्यायचं. बटण दाबलं की पेटी ते नाव सांगते. बेगिमायने नातेवाइकांकडून काय काय गोळा केलं होतं, कुणाचं लग्नातलं भाषण, कुणाचं कोमुझ, कुणाची शेळी हरवल्याची गोष्ट. मला म्हणाली, "आई, नावं तू बोल. आजोबांना तुझा आवाज ओळखीचा आहे." मी नवा रुमाल बांधून बसले, जशी काही फोटोच काढायचाय.

आता तूच सांग, मी कुणाची नावं घेऊ? सगळे सासरचे थोर! मामंजींचे मोठे भाऊ, मधले भाऊ, चुलत दीर. ज्यांची नावं एकवीस वर्षांत माझ्या ओठावर आली नाहीत ती मी यंत्रात कशी बोलणार? मी आपलं सवयीने बोलत गेले. "वरच्या घरचे." "मधल्या घरचे." "ओढ्याकडचे." "ओढ्याकडच्यांचे मोठे." मामंजींनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दहादा दाबलं. शेवटी म्हणाले, "सूनबाई, ही पेटीसुद्धा माझ्यापुढे डोक्यावरून रुमाल ओढते का गं?" आणि बाजूला सारली.

म्हणून आता मी स्वतः बिश्केकला जाते आहे. तिथे अंधांच्या संस्थेचं एक दुकान आहे म्हणतात. पुढच्या आठवड्यात निघेन.

तुला एक विचारायचं होतं. तू दोन शब्द बोलून पाठवशील का? काहीही. हवामान सांग, भाव सांग. तू तुझ्या त्या नवऱ्याच्या घरून तीन महिन्यांत परत आलीस, आणि मामंजींनी दारात हात आडवा धरून "माझ्या घरात परत आलेली मुलगी नसते" म्हटलं, तेव्हा मी चुलीपाशी होते. मी पीठ मळत राहिले. तोंड उघडलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणखीही एक आहे, पण कागद संपत आला. टोक्तोबूबूची गाडी दारात उभी आहे.

तुझी वहिनी,
अनिपा

*

ताश-ओतोक
४ डिसेंबर २०१६

लाडाबाई,

टोक्तोबूबू परत आली. म्हणाली, तू पत्र घेतलंस, तिला सूप पाजलंस, चार जोड मोजे घेतलेस, आणि पत्र न फोडता खणात ठेवलंस. बरं झालं. आता दोन्ही एकदमच वाच. पहिल्यात मी कागद संपल्याचं लिहिलं आहे. कागद संपला नव्हता. भरपूर होता.

आधी पेटीचं सांगते. ती निवडली कशी हे सांगितल्याशिवाय पुढचं मला लिहिता येणार नाही.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. तिथे ओर्मोन नावाचा माणूस बसतो, माझ्याच वयाचा, जन्मापासून आंधळा, दाढी गुळगुळीत केलेली, आणि जीभ तुझ्या दादाच्या वस्तऱ्यासारखी. मी तोंड उघडताच म्हणाला, "आत-बाशीकडच्या. मेंढ्या पाळता. सासऱ्यासाठी आलात."

मी म्हटलं, "वासावरून ओळखलंत की काय?"

"मेंढ्या वासावरून. गाव बोलण्यावरून. आणि सासरा यावरून, की वडलांसाठी आलेली बाई 'माझे वडील' म्हणते. सून नुसतं 'घरातलं वडीलधारं माणूस' म्हणते, आणि मला अर्धा तास कळत नाही की डोळे नेमके कुणाचे गेलेत." मग हसला. "बोलणारी पेटी घेतली होतीत ना? नावांपाशी अडलात? इथे येणाऱ्या सगळ्या सुना तिथेच अडतात."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

"काम काय करायचे ते?"

"चाबूक विणायचे."

"अहो, मग त्यांची बोटं तुमच्या डोळ्यांपेक्षा हुशार! त्यांना बडबडी पेटी कशाला? बोटांना कळेल अशी द्या." मग म्हणाला, "रुमाल सोडा. डोळ्यांवर बांधा."

परक्या माणसासमोर मी रुमाल सोडला. तो बघू शकत नाही हे मला ठाऊक होतं, तरी लाजले. डोळ्यांवर घट्ट बांधला. त्याने एकेक पेटी माझ्या हातात दिली. "चालू करा. थांबवा. मागे न्या. परत चालू करा." पहिली हातातून निसटली. दुसरीचं चालूचं बटण मला सापडलंच नाही. तिसरीत एक छोटं चाक होतं, आवाजाचं म्हणून फिरवलं तर गाणंच बदललं. मला घाम फुटला. पाचच मिनिटं झाली होती गं, पाच. आणि मला वाटायला लागलं की ही खोली संपत नाही, मी कुठे बसले आहे ते मला माहीत नाही. मामंजी त्या खिडकीपाशी काय करत असतात ते मला तेव्हा कळलं.

मग त्याने एक जड, विटेएवढी पेटी मांडीवर ठेवली. पाच खटके. पहिला उंच, त्यावर मसुराएवढा उंचवटा. दुसरा खोलगट, अंगठा आपोआप बसेल असा. तिसरा चौथा एकमेकांकडे पाठ केलेले. पाचवा कडेला, एकटा. कुठलाही दाबला की खटकन आत जातो आणि आतच राहतो, म्हणजे आपण काय केलंय ते बोटाला कळत राहतं. मी एकदाच हात फिरवला आणि सगळं आलं. एकदाही चुकले नाही. डोळे बांधलेले, आणि माझ्या बोटांना दिसत होतं! लाडाबाई, माझ्या अंगावर काटा आला. हे सगळं कुणीतरी बसून विचार करून केलंय, कधी न भेटलेल्या माणसाच्या अंगठ्याची काळजी करून.

"जुना माल आहे," ओर्मोन म्हणाला. "कॅसेटची आहे. कॅसेटी आता कोण ठेवतं? म्हणून आधी सांगा, यात घालणार काय?"

मी गप्प बसले. आंधळ्या माणसासमोर गप्प बसणं किती अवघड असतं. त्याला सगळं ऐकू येतं.

मग मी पिशवीतून कॅसेट काढली. गावाहून निघताना ती मीच पिशवीत घातली होती, आणि वाटभर स्वतःलाच सांगत होते की ती तिथे नाही.

आता लिहितेच. ती तुझी कॅसेट होती.

सासूबाई गेल्या तेव्हा तुझ्या दादाने तुला तार केली. तिसऱ्या दिवशी दफन. एवढ्या लांबून तू पोचणं शक्य नव्हतं. पण मामंजी तीन दिवस दुखवट्याला उभारलेल्या युर्तच्या तंबूबाहेर उभे होते, कोटावरून पट्टा बांधून, काठीवर रेलून. लेकी-सुना रस्त्यावरून रडत, गेलेल्या माणसाचा कोशोक गात येत होत्या, आणि प्रत्येक आवाजाला ते मान वर करायचे, मग खाली घालायचे. तुला त्यांनी हाकललं होतं हे खरं. तरी ते तुझ्या आवाजाची वाट बघत होते, हे मी आतून बघत होते. तू आली नाहीस. तू आईसाठीही रडली नाहीस, असं त्यांनी मनाशी धरलं आणि त्या दिवसापासून तुझं दार आतून बंद केलं.

आणि आत युर्तमध्ये मी गात होते. तुला आठवतं ना, माझ्या चहात मीठ कमी, माझी भाकरी जाड, मेंढपाळाची पोर म्हणून सगळ्यांनी चार वर्षं माझ्याकडे बघून नाकं मुरडली होती? त्या तीन दिवसांत मी असा कोशोक गायले की म्हाताऱ्या बायकांनी माझे हात धरले. म्हणाल्या, "लेक आली नाही, पण ही सून लेकीच्या वरताण निघाली." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला चांगलं म्हटलं.

अडतिसाव्या दिवशी एक माणूस तुझी कॅसेट देऊन गेला. घरात मी एकटीच होते. कोठीत जाऊन दादाच्या यंत्रावर मी ती ऐकली. तुझा कोशोक ऐकला आणि मला कळलं की मी तीन दिवस नुसती ओरडत होते. दोन दिवसांनी चाळिसाव्याचं जेवण होतं. सगळं गाव येणार, सगळ्यांना ती ऐकवली जाणार. मग माझं काय राहणार?

मी ती पेटाऱ्यात तळाशी ठेवली, माहेरच्या रजईत गुंडाळून. मनात म्हटलं, जेवण झाल्यावर देईन. मग म्हटलं, वर्षाच्या जेवणाला देईन. मग सांगण्यासारखं काही राहिलंच नाही. सतरा वर्षं, लाडाबाई. रजया दर उन्हाळ्यात उन्हात घालत होते आणि ती बाजूला काढून परत आत ठेवत होते.

ओर्मोनला मी यातलं काहीच सांगितलं नाही. कॅसेट चालते का बघायला त्याने ती पेटीत घातली. चार-पाच ओळी झाल्या असतील. त्याने खटकन थांबवली आणि काढून माझ्या हातात दिली. "ही माझ्या कानांसाठी नाही," म्हणाला. "लवकर घरी जा."

घरी आले. मामंजींना गादीवर नीट बसवलं, पाठीला उशी दिली, चहा दिला, तळलेले बोर्सोक पुढे ठेवले. पेटी मांडीवर दिली. त्यांनी खटके चाचपले आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, "हा चालू, हा बंद. शहाण्या माणसाने केलीय." मग त्यांनी उंच खटका दाबला.

तू दुरून सुरुवात केली आहेस. मला तेव्हा कोठीत ते लक्षात आलं नव्हतं. मी आवाज ऐकत बसले होते, शब्द नाही. "वळणावरून दिसतो गं धूर, आई, तुझ्या घराचा; ओढ्याला पाणी आलं की माझ्या डोळ्यांनी तो भरला..."

मामंजींच्या हातातली वाटी कलंडली. मला वाटलं रडतील. त्यांनी तळहाताने खटका दाबून ती थांबवली आणि माझ्यावर ओरडले! महिन्यांनंतर पहिल्यांदा, पूर्वीच्या आवाजात. "बसवून ऐकवतेस? चहा पिऊन? हा वाटेवरचा कोशोक आहे, कळत नाही तुला? ती चालत येते आहे! माझा पट्टा कुठे आहे?"

आम्हाला कुणालाच सुचलं नसतं. मी एक घोडचूक तर सतरा वर्षांपूर्वीच केली होती, ही दुसरी. लेक वाटेवरून गात येत असताना बाप गादीवर बसून बोर्सोक खातो का?

तुझ्या दादाने त्यांना कोट घातला, पट्टा बांधला, काल्पाक डोक्यावर ठेवला. दारापुढच्या बर्फात ते काठीवर रेलून उभे राहिले. मला म्हणाले, "ती पेटी घे. वळणापर्यंत जा. तिथून सुरू कर आणि चालत ये. धावू नकोस."

भर दुपार होती. स्वच्छ ऊन, सगळीकडे बर्फ. मी वळणावर गेले, पेटी छातीशी धरली आणि उंच खटका दाबला. आणि तू निघालीस.

काय सांगू तुला! मी नुसती पाय होते. गाणारी तू होतीस, चोवीस वर्षांची, माझ्या हातांत. तू ओढ्याबद्दल म्हणालीस तेव्हा आपण ओढ्यापाशी होतो. तू कुत्र्याला विचारलंस, मला ओळखतोस का, आणि आमचं कुत्रं, जे तेव्हा जन्मलंही नव्हतं, ते फाटकाशी येऊन उभं राहिलं, भुंकलं नाही. घराघरांतून बायका बाहेर आल्या. कुणी विचारलं नाही काय चाललंय. म्हातारी झुरा दाराशीच खाली बसली आणि तोंडावर रुमाल घेऊन तुला ओ देऊ लागली.

घर दिसलं तशी मामंजींनी मान वर केली. ह्या वेळी खाली घातली नाही. मग त्यांनी मोठ्याने आक्रोश केला, मृताच्या घरचे पुरुष बाहेर उभे राहून करतात तसा. सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "उठ गं, तुझी लेक आली!" पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला असेल आवाज. मी जवळ गेले. त्यांनी काठी टाकली आणि पेटीसकट मला कवेत घेतलं. मी त्यांच्या इतक्या जवळ कधीच गेले नव्हते. आमच्या दोघांच्या मधे तू गात होतीस. कॅसेट संपली, खटका आपोआप वर आला, तरी त्यांनी सोडलं नाही.

मी एवढं मोठं काही आयुष्यात बघितलेलं नाही. आणि ते मी सतरा वर्षं रजईत गुंडाळून ठेवलं होतं.

नंतर आत आल्यावर त्यांनी विचारलं, "ही कधी आली?"

मला खोटं बोलता आलं असतं. टोक्तोबूबूने आणली म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, "अडतिसाव्या दिवशी. मी लपवली." का ते पण सांगितलं. तुझा दादा माझ्याकडे बघत राहिला आणि बाहेर गेला. चार दिवस मामंजींनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. दादा करायचा, मीठ पाचपट घालायचा, ते तोच प्यायचे.

पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, "सूनबाई, चहा आण." मी आणला. त्यांनी वाटी घेतली आणि पेटी माझ्याकडे सरकवली.

"चांगली निवडलीस. आता उचलून ठेव."

मी घाबरून विचारलं, "पुन्हा नाही ऐकायचं?"

"ह्यात ती चोवीस वर्षांची आहे. रडते आहे. दहा वेळा लावली तर दहाही वेळा चोवीसचीच असेल, आणि दहाही वेळा मी तिला रडवीन." चहा ढवळला. "आता ती एक्केचाळीसची असेल. आवाज जाड झाला असेल. सर्दी लवकर होते तिला. मला ती ऐकायची आहे. शिव्या दिल्या तरी चालेल." मग म्हणाले, "साबिराला लिही."

त्यांनी तुझं नाव घेतलं. मी तुला लाडाबाईच म्हणते, पण हे जसंच्या तसं लिहिते आहे.

ते माफी मागतील असं वाटत नाही. त्यांना ते येत नाही, तुलाही माहीत आहे. माझी मी मागते, पण ती तू द्यावीस असं म्हणत नाही. मी तुझं येणं चोरलं. त्याला उतारा नाही. तू आलीस तर मी माहेरी जाऊन राहीन, माझं तोंड बघायला लागणार नाही.

कालपासून त्यांनी चाबकासाठी चामड्याच्या पट्ट्या भिजत घातल्यात. कुणासाठी ते सांगत नाहीत.

येशील तर नारीनहून सकाळची गाडी धर, म्हणजे उजेडी पोचशील. आणि वळणावरूनच आवाज दे. एकदम दारात येऊ नकोस. पट्टा बांधायला हल्ली त्यांना वेळ लागतो.

वहिनी म्हणायचं की नाही ते आता तू ठरव.

अनिपा